बिनब्रेकच्या जीपचा अर्ज

“नांगर! अरे नांगर टाक, लेका! नांगर!”

ओरडत होता पुणेकर. समुद्र आमच्यापासून चांगला दोन कोसांवर होता. चहूबाजूंना बहरीनच्या दक्षिणेचं उघडंबोडकं वाळवंट, त्यात एक जीप, जीपमध्ये आम्ही तिघं, आणि स्टिअरिंगवर मी. समोर, जिथं मागच्या शुक्रवारपर्यंत नुसती हवा होती, तिथं एक पांढरा फलक उभा होता आणि तो श्वासागणिक मोठा होत होता.

मागं बसलेल्या वसईकरानं एका हातानं छातीवर क्रूस काढला, दुसऱ्या हातानं लोखंडी नांगर उचलला आणि भिरकावला. दोर सळसळत सुटला, ताणला, नांगराचा दात कुठल्याशा दगडात रुतला आणि जीप अशी थांबली की आमच्या टोप्या, पाण्याचा थर्मास आणि पुणेकराचा चष्मा आमच्याशिवायच पुढं निघून गेले. जीपनं फलकाला नुसतं नाक लावलं. फलक जरा विचार करून आडवा झाला.

“लागलं का कुणाला?” मी विचारलं.

“फलकाला,” वसईकर म्हणाला.

जीपला ब्रेक नव्हते, हे एव्हाना लक्षात आलंच असेल. तुबलीच्या खाडीकाठी एका हाजीचं गॅरेज होतं. त्याच्या मागल्या अंगणात पडलेल्या भंगारातून आम्ही दोन हिवाळे खपून ही जीप उभी केली होती. सांगाडा कुठल्या तरी लढाईतून उरलेला; लढाई कोणती यावर हाजी दर वेळी वेगळी हकिगत सांगे आणि प्रत्येक हकिगतीत जीप जिंके. इंजिन पाववाल्याच्या व्हॅनचं. त्यामुळं जीप तापली की भाजलेल्या पावाचा वास येई, हे मी शपथेवर सांगतो. आणि खुर्च्या होत्या बंद पडलेल्या एका सिनेमा थिएटरच्या, लाल मखमलीच्या, उठलं की आपोआप मिटणाऱ्या. खडबडीत रस्त्यावर याचा अर्थ काय होतो तो नीट समजून घ्या. खड्डा आला की माणूस वर उडे. माणूस वर गेला की खुर्ची समजे, खेळ संपला, आणि मिटे. माणूस खाली येई तेव्हा खाली खुर्ची नसे. अशा रीतीनं आम्ही शुक्रवारचा अर्धा प्रवास बसून आणि अर्धा मांडी घालून करत असू.

ब्रेक बसवायचा प्रयत्न हाजीनं तीनदा केला. तिसऱ्यांदा त्यानं हात झटकले. “ब्रेक मफी. नाहीच. खलास. ब्रेक शहरातल्या लोकांना लागतो.” मी जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात मेकॅनिकल इंजिनियर. मलाही जमलं नाही, आणि ही गोष्ट माझी बायको अजून चारचौघांत सांगते. शेवटी तोडगा काढला वसईकरानं. तो इस्पितळात एक्स-रे काढायचा, पण बापजादे वसईच्या पाचूबंदरचे, मासेमारीच्या होड्यांवरचे. त्यानं जीपभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “थांबत नाय ना? मग नांगर टाकायचा. आमच्याकडं होडीला कोण ब्रेक लावतो?” आणि मुहर्रकच्या एका म्हाताऱ्या होडीवाल्याकडून तो खरंच नांगर घेऊन आला.

तिसरा पुणेकर. बाब अल बहरीनजवळच्या एका बँकेत ऑफिसर. वाळवंटातही टाय लावून यायचा. कारण विचारलं तर म्हणे, “कोण कुठं भेटेल, सांगता येत नाही.” मैलोगणती माणूस नसे. पण तो टाय लावून तयार असे.

तर त्या दिवशी पुणेकरानं वाळूतून चष्मा शोधला, टाय सारखा केला, आडव्या फलकाशेजारी आडवा झाला आणि वाचू लागला. वरती अरबी, खाली इंग्रजी. वाचता वाचता त्याचा चेहरा असा झाला की वाटलं, कुणी गेलंच.

“काय म्हणतोय?”

“म्हणतोय की हा सगळा भाग राखीव करायचा विचार आहे. वन्य प्राण्यांसाठी. कुंपण घालणार. मोटारगाड्यांना बंदी. कुणाची हरकत असल्यास महिन्याभरात लेखी कळवावी.”

“पायी चालत यायला?” वसईकरानं विचारलं.

“परवानगी घेऊन.”

इंजिन तेवढं पावाचा वास सोडत राहिलं.

आता तुम्ही म्हणाल, हे नाही तर दुसरं वाळवंट. बेट केवढं ते! सौदीला जोडणारा पूल तेव्हा व्हायचा होता, बेट चहूकडून बेटच होतं, आणि उत्तरेकडं गाव, बागा, रस्ते. मोकळी जागा होती ती हीच. आणि आमची जीप रस्त्यावर चालूच शकत नव्हती. पहिल्या वर्षी आम्ही तिला ट्रॅफिकच्या तपासणीला नेली होती. तपासनीस तिच्याभोवती दोनदा फिरला, नांगराला हात लावून पाहिला, एका खुर्चीवर बसला, उठला, खुर्ची मिटली. मग तो पायरीवर बसून हसला आणि पाणी मागितलं. नंबरप्लेट मिळाली नाही. “रस्त्यावर दिसली तर जप्त करीन,” तो डोळे पुसत म्हणाला, “वाळूत काय करायचं ते करा. वाळूत कोण विचारतो?”

त्याचं हे शेवटचं वाक्य मी पुढं कितीतरी दिवस जपून वापरलं. वाळूत कोण विचारतो! कारण बाकी सगळीकडं विचारत. माझा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. घरी आई आजारी पडली तरी रजेच्या अर्जावर तीन सह्या लागत. घर बदलायचं, सही. बायकोचा व्हिसा, सही. मुलीच्या शाळेचा फॉर्म, कंपनीच्या शिक्क्यासकट. शनिवार ते गुरुवार मी ‘येस सर’ इतक्या वेळा म्हणे की घरात पोळी वाढतानाही तोंडातून निघून जाई. आणि मग शुक्रवार. हाजीची वाळवंटाच्या कडेला एक पत्र्याची शेड होती, तिथं जीप ठेवलेली. किल्ली नव्हतीच, दोन तारा एकमेकींना टेकवायच्या. तारा टेकल्या की त्या बेटावर मला कुणाची सही लागत नसे. सकाळी सात ते दुपारी बारा. आठवड्याचे पाच तास. ते पाच तास आता कुंपणात जाणार होते, आणि ते परत मिळवायला मला काय करायचं होतं? अर्ज!

अर्ज म्हटल्यावर पुणेकराच्या अंगात वीज शिरली. परतीच्या वाटेवर त्यानं समिती स्थापन केली. आम्ही तिघंच होतो, तरी तीत अध्यक्ष, कार्यवाह आणि सल्लागार झाले. संध्याकाळी माझ्या घरी बैठक. माझी बायको एका शिपिंगच्या ऑफिसात टायपिस्ट. घरी तिचा टाइपरायटर होता, त्यामुळं समितीला कार्यालय मिळालं आणि चहाही.

“अहो,” ती टाइपरायटरमध्ये कागद घालत म्हणाली, “आपण इथं पाहुणे. पाहुण्यानं यजमानाच्या अंगणाबद्दल तक्रार करायची असते का?”

“वहिनी, तक्रार नाही, विनम्र हरकत,” पुणेकर म्हणाला. “आणि पहिली सही हाजीची घेणार. तो घरचाच आहे.”

“अगं, तुझी हरकत असेल तर सांग तसं,” मी जरा घाबरतच म्हणालो.

“माझी कसली? हे बंद झालं तर तुम्ही शुक्रवारी सकाळी घरात बसणार. सांगा, काय टाइप करू?”

पुणेकर खोलीत फेऱ्या मारत मजकूर सांगू लागला. मुद्दा एक: सदर जमीन ओसाड असून तिथं राखण्यासारखं काहीही नाही. मुद्दा दोन: आम्ही अर्जदार दर शुक्रवारी तिथं निसर्गाची विपुलता पाहण्यासाठी जातो. मुद्दा तीन: आमच्या चाकांचे ठसे पुढल्या शुक्रवारपर्यंत वाऱ्यानं पुसले जातात, सबब जमिनीस इजा नाही.

टाइपरायटर थांबला. “अहो, पहिल्या मुद्द्यात तिथं काही नाही. दुसऱ्यात सगळं आहे.”

“वहिनी, त्यांना जो पटेल तो घेतील. दोन्ही ठेवा.”

“आणि पुरावा?” वसईकर म्हणाला. “पुरावा पायजे ना? माझी वही लावू.”

ही वही म्हणजे आमच्या जीपचं भूषण. इस्पितळात प्रत्येक एक्स-रे काढला की वसईकर वहीत टिपे: वेळ, शरीराची बाजू, आणि रोगी हलला की नाही, कारण हलला तर फोटो बिघडतो. ती सवय त्यानं वाळवंटातही सोडली नव्हती. दिसेल तो प्राणी वहीत. ‘सात वाजून दहा. ससा. एक. डावी बाजू. हलला.’ ‘आठ वाजून पाच. धब. एक. उजवी बाजू. हलला नाही.’ धब म्हणजे तिथली काटेरी शेपटीची घोरपडीसारखी चीज, उन्हात तासन्‌तास निश्चल बसते. वसईकराला ती सगळ्यांत आवडे. म्हणे, असा पेशंट मिळत नाही. वहीत हरणं होती, माळढोकाचा चुलतभाऊ शोभेल असा हुबारा पक्षी होता, आणि कुठं काय दिसलं त्याचा नकाशाही होता, एक्स-रेच्या जुन्या फिल्मवर पांढऱ्या शाईनं काढलेला. उजेडात धरला की वाळवंटामागं कुणाच्या तरी बरगड्या दिसत.

“उत्तम!” पुणेकर ओरडला. “परिशिष्ट अ!”

बायकोनं वहीची पहिली पानं चाळली, शेवटची चाळली, पुन्हा पहिली पाहिली. “हे नक्की लावायचंय?”

“परिशिष्टाशिवाय अर्जाला वजन नाही, वहिनी.”

तिनं कागद फिरवला आणि ‘परिशिष्ट अ’ असं टाइप करून खाली दोनदा रेघ मारली.

आता सह्या. पुणेकराचं म्हणणं, तिघांच्या अर्जाला कोण विचारतो, सगळी मराठी मंडळी मागं उभी पाहिजेत. सुदैवानं त्याच आठवड्यात मंडळाचा कार्यक्रम होता, पोहे आणि नाट्यगीतं. पुणेकर दारातच कागदांचा गठ्ठा आणि पेन घेऊन उभा राहिला. आणि काय सांगू, लोक तुटून पडले! रांग लागली. एकानं दुसऱ्याला कोपरानं ढकललं. एक बाई स्वयंपाकघरातून हळदीच्या हातानं धावत आल्या, “माझं नाव राहिलं, माझं नाव राहिलं!” म्हणत. वसईकर शुक्रवारी चर्चमध्ये मिस्साला तोच गठ्ठा घेऊन गेला, तर तिथंही तसंच. वसईची माणसं बाकांवरून उड्या मारून आली म्हणे. हाजीनं सगळ्यांच्या वरती, पानभर सही केली, तिचं शेपूट मागच्या पानावर गेलं.

त्या रात्री मी बायकोला म्हणालो, “पाहिलंस? जनता आमच्या मागं आहे. मोटारप्रेम म्हणजे काय तुला कळायचं नाही.”

“कळलं,” ती म्हणाली.

सरकारी कचेरीतून बोलावणं आलं ते पंधरवड्यानं. पुणेकरानं नवा टाय घेतला. मी रजा घेतली, अर्थात तीन सह्यांनी. कारण लिहिलं, ‘खासगी’. साहेबांच्या जागी राखाडी दाढीचा, शांत, पांढऱ्या शुभ्र झग्यातला माणूस बसला होता. तो तरुणपणी चार वर्षं मुंबईत शिकायला होता आणि फर्डी हिंदी बोलत होता, नागरी अक्षरंही वाचत होता. त्याची हिंदी मी इथं मराठीतच सांगतो, कारण ती माझ्या हिंदीपेक्षा चांगली होती आणि मला ते दाखवायचं नाही.

चहा आला. तो सावकाश अर्ज वाचत होता. हाजीची सही पाहून त्यानं मान डोलावली. पान उलटलं आणि थांबला.

“या नावापुढं ‘दोन डझन’ लिहिलंय. ते काय?”

आम्ही तिघं पुढं वाकलो. खरंच. नाव, सही, आणि पुढं ‘दोन डझन’. खालच्या नावापुढं ‘तीन डझन’. त्याखाली ‘एक पेटी, पण जरा कच्चे असू द्या’. त्या हळदवाल्या बाईंच्या पिवळ्या बोटाच्या ठशाशेजारी: ‘मागच्या वर्षीसारखे डागाळलेले नकोत’.

दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला मुंबईहून विमानानं हापूसच्या पेट्या मागवायच्या, आणि त्याची यादी फिरवायची ती पुणेकरानं, हा आमच्यात वर्षानुवर्षांचा शिरस्ता. पुणेकराच्या हातात कागद आणि पेन दिसलं की बहरीनमधला मराठी माणूस वाचत नाही, नाव लिहितो आणि डझन लिहितो. वरचा मजकूर कुणीच वाचला नव्हता. एकानंही नाही!

पुणेकरानं घसा खाकरला. त्याच्या जागी मी असतो तर खिडकीतून उडी मारली असती. तो म्हणाला, “साहेब, त्यातून पाठिंब्याची तीव्रता कळते.”

साहेबानं त्याच्याकडं पाहिलं. मग कागदाकडं. “हापूस का?”

“...हो.”

“कधी येतात?”

“तीन आठवड्यांत. इंशाल्ला.”

त्यानं पेन उचललं, शेवटच्या सहीच्या खाली नीट अक्षरात आपलं नाव लिहिलं, सही केली आणि पुढं लिहिलं: ‘एक डझन’.

वसईकरानं टेबलाखालून मला अशी लाथ मारली की गुडघा आठवडाभर निळा होता. साहेबानं सही केली होती! आमच्याच अर्जावर! ज्याच्याकडं हरकत घ्यायची त्यानं स्वतःच हरकत घेतली होती, लेखी, मुदतीत! पुणेकराचे डोळे पाणावले.

पण साहेब आता वहीपर्यंत पोचला होता. तो एकेक पान वाचत होता. घड्याळ टिकटिकत होतं. त्यानं फिल्मवरचा नकाशा खिडकीकडं धरला, बरगड्या पाहिल्या, काही विचारलं नाही. मग पहिलं पान आणि शेवटचं पान आळीपाळीनं उघडून पाहिलं.

“पहिल्या हिवाळ्यात ससे एका सकाळी नऊ,” तो म्हणाला. “हरणं सहा. या हिवाळ्यात ससा एक. पुढं काय लिहिलंय?”

वसईकरानं वाचलं. मग पुटपुटला, “‘बहुधा दगड.’”

इतक्या वर्षांत आम्ही ती वही पहिल्यापासून शेवटपर्यंत कधी वाचलीच नव्हती. लिहिली होती फक्त. वाचली होती ती माझ्या बायकोनं, आणि ‘नक्की लावायचंय?’ असं विचारून आमच्या पदरात टाकली होती. मी खरं सांगतो, तेव्हाही माझ्या मनात आलं ते एवढंच, की ससे लपायला शिकले असतील.

“साहेब, ससे हुशार झालेत,” मी म्हणालो. “ते आम्हाला ओळखतात.”

“ओळखत असतील.” त्यानं वही मिटली. “अशी नोंद आमच्याकडं नाही. कुणाकडंच नाही. या जागा मला दाखवाल? शुक्रवारी?”

“कशानं?” पुणेकरानं सावधपणे विचारलं.

“तुमच्या जीपनं. फलक पाडला ती तीच ना?”

तो शुक्रवार मी मरेपर्यंत विसरणार नाही. आमचा सरळ हिशेब होता: हा माणूस एकदा जीपमध्ये बसला की संपलं. ज्यानं हापूससाठी सही केली तो काही दगड नव्हे. एकदा त्याला वारा लागू दे, एकदा तो घाट चढू दे. घाट म्हणजे काय ते सांगतो. त्या वाळवंटातून तेलाचे पाइप जमिनीवरून गेलेले असत आणि गाड्यांना पलीकडं जाता यावं म्हणून मधूनमधून पाइपांवर मातीची चढण घातलेली. आम्ही त्यातल्या सगळ्यांत उंच चढणीला खंडाळ्याचा घाट म्हणायचो. जोरात गेलं की चारही चाकं जमीन सोडत. किती वेळ? वसईकराच्या मते तेवढ्यात एक एक्स-रे काढून होईल.

सकाळी साहेब आला, पांढरा झगा, डोक्यावर गुत्रा आणि त्यावर काळी गोल दोरी, सगळं इस्त्रीचं. हाजीनं त्याला मागच्या खुर्चीत बसवलं आणि त्याच्या कानात काही तरी सांगितलं, बहुधा कलमा. बाहेर तर नव्या खुंट्या ठोकलेल्या होत्या, कुंपणाची हद्द दाखवणाऱ्या, एकीला दुसरी सुतळीनं बांधलेली, दूरवर गेलेली रांग. मी तिकडं पाहिलंही नाही. तारा टेकवल्या. पावाचा वास सुटला.

“यल्ला?” मी म्हणालो.

“यल्ला,” साहेब म्हणाला.

पहिल्या खड्ड्याला तो उडाला, खुर्ची मिटली आणि तो मांडी घालून खाली आला. मी मागं वळून पाहिलं. तो हसत होता! दाढीत वाळू, गुत्रा मानेभोवती, काळी दोरी पुणेकराच्या डोक्यावर जाऊन बसलेली. मग घाट आला. आम्ही असे उडालो, असे उडालो की खाली सगळं बेट दिसलं, मनामा, मुहर्रक, जुफैर, खाडीतल्या होड्या, आणि मला तर आमच्या गॅलरीत वाळत घातलेला माझा शर्टही दिसला. आणि त्या उंचीवरून साहेबाचा आवाज आला, पातळ, पोरासारखा, “यल्लाऽऽ!”

जमिनीवर आदळलो तसा त्यानं माझा खांदा धरला. “पुन्हा!”

पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा त्यानं मला उठवलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसला. मी तुम्हाला सांगतो, त्या शांत माणसानं जीप अशी हाणली की इंजिनानं पाव भाजायचं सोडलं आणि करपवायला घेतला. वसईकर एका हातानं नांगर आणि एका हातानं वही धरून ओरडत होता, “डावी बाजू! हरणं! दोन! हलली! हलली!” आणि खरंच, उजेडात दोन हरणं धावत होती, पांढरी बुडं उडवत, आमच्यापासून शक्य तितकी लांब. पुणेकर टाय दातात धरून आनंदानं रडत होता.

मग समोर समुद्र दिसायला लागला.

“नांगर!” आम्ही तिघं एकदम ओरडलो.

वसईकरानं नांगर टाकला. तो दगडात रुतला नाही. तो गेला खुंट्यांच्या सुतळीत. पहिली खुंटी उपटली, दुसरी उपटली, टक्‌ टक्‌ टक्‌, आणि बघता बघता कुंपणाची सगळी हद्द वरातीसारखी नाचत आमच्या मागं येऊ लागली. शेवटी एवढ्या खुंट्या जमल्या की त्यांच्याच वजनानं जीप थांबली, पुळणीच्या अलीकडं, हातभरावर.

इंजिन बंद पडलं. कान वाजत होते. साहेब स्टिअरिंगमागं बसून होता, गाल लालबुंद, डोळे चमकत. वसईकर माझ्या कानात कुजबुजला, “जिंकलो, बाबा. बघ त्याचं तोंड. जिंकलो.” पुणेकरानं काळी दोरी डोक्यावरून काढली, फुंकर मारून पुसली आणि दोन्ही हातांनी त्याला परत दिली.

तो सावकाश खाली उतरला. झग्यातून ओंजळभर वाळू झटकली. कानात बोट घालून तिथलीही काढली. मागं पडलेल्या खुंट्यांच्या ढिगाकडं पाहिलं, मग जिकडं हरणं गेली तिकडं पाहिलं.

मला राहवलं नाही. “साहेब,” मी म्हणालो, “खरं सांगा. असली मजा आयुष्यात केली होती? आणि ही तुम्ही बंद करणार?”

“हो,” तो म्हणाला. “उद्यापासून.”